विमान आमच्यावरून जातच नाही, मग उंची का कापली?

छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासकडच्या एका तरुण स्थापत्य अभियंत्यानं विचारलंय ते थोडक्यात असं. प्लॉट चिकलठाणा विमानतळाच्या दक्षिणेला, धावपट्टीपासून सरळ रेषेत साडेतीन किलोमीटरवर. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची ६०५ मीटर. खाली पार्किंग, वर सात मजले असा नकाशा. विमानतळ प्राधिकरणाच्या एनओसीत (ना-हरकत प्रमाणपत्रात) समुद्रसपाटीपासूनची कमाल उंची आली ६२७ मीटर आणि तेवढ्यात पाचच मजले बसतात. त्यांचं म्हणणं: विमानं पूर्व-पश्चिम येतात-जातात, आमच्या डोक्यावरून एकही जात नाही. पायलटला डोळे आहेत, वर जीपीएस आहे. मग दोन मजल्यांनी काय आभाळ कोसळणार होतं? जोडीला एक उपप्रश्न: इमारत पूर्ण झाल्यावर गच्चीवर मोबाईल टॉवर भाड्यानं दिला तर चालतं ना?

मी एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात, नोकरी केली, पुढं इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच (उपकरणांच्या आधारानं उतरण्याचे मार्ग) आखण्याच्या कामात गेलो, त्यामुळं हा प्रश्न टेबलाच्या पलीकडून पुष्कळदा ऐकलाय. उपप्रश्न आधी निकालात काढतो. चालत नाही. एनओसीतला आकडा हा स्लॅबचा नसतो, सगळ्यात वरच्या टोकाचा असतो. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक सळई, सोलरचा सांगाडा, अँटेना, सगळं त्यातच बसवायचं. टॉवर कंपनीचा माणूस "आमचं आम्ही बघतो" म्हणेल, पण नोटीस इमारतीच्या मालकाच्या नावानंही येते.

आता ६२७ कुठून आला ते बघा. चिकलठाणा विमानतळाची उंची साधारण ५८२ मीटर. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं मोठ्या धावपट्टीभोवती सुमारे चार किलोमीटरपर्यंत, विमानतळापासून ४५ मीटर उंचीवर एक काल्पनिक आडवं छत धरलं जातं. ५८२ अधिक ४५, झाले ६२७. छत सपाट आहे, जमीन सपाट नाही. दक्षिणेकडं शहरालगतच्या सातारा डोंगराच्या बाजूला जमीन चढत जाते, त्यामुळं तुमच्या वाट्याला २२ मीटर आले. विमानतळाला अधिक जवळ पण खोलगट जागी, समजा ५८५ मीटरवर, ज्याचा प्लॉट आहे त्याला ४२ मीटर मिळतील. "शेजाऱ्याला जास्त दिली, आम्हाला कमी, म्हणजे काहीतरी देणंघेणं झालं असणार" ही तक्रार कायमची. बहुतेक वेळा देणंघेणं नसतं, जमिनीचा उतार असतो.

चार किलोमीटरच्या पुढं हे छत शंभराला पाच या चढानं आणखी शंभर मीटर वर जातं, म्हणजे तिथं मोकळीक वाढते. धावपट्टीच्या नेमक्या रेषेत मात्र याहून कडक हिशेब असतो. तिथं पहिले तीन किलोमीटर पन्नासाला एक असा चढ, पुढं चाळीसाला एक. पट्टीच्या टोकापासून किलोमीटरभरावर जेमतेम २० मीटर. त्या मानानं तुमची जागा बरीच सुखाची आहे.

मुद्दा असा की बाजूच्या जागेवर छत कशासाठी? विमान तर सरळ येतं. स्वच्छ दिवशी तुम्हाला दिसतं ते सरळ येतं. जुलैतल्या एखाद्या सकाळी ढग खाली आलेत, पाऊस चालू आहे, विमान उपकरणांच्या भरवशावर एका बाजूनं खाली येतंय, आणि वारा असा की उतरायचं दुसऱ्या बाजूनं. अशा वेळी पायलट ढगाखाली येतो, पट्टी दिसली की सरळ मार्ग सोडतो आणि विमानतळाला वळसा घालून उलट दिशेनं उतरतो. याला सर्कलिंग म्हणतात. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ च्या गटातल्या विमानासाठी या वळशाचं राखीव क्षेत्र पट्टीच्या टोकापासून सात-आठ किलोमीटरपर्यंत जातं. त्यापेक्षा हळू येणाऱ्या एटीआरसारख्या विमानांसाठी पाचेक किलोमीटर. तुमचा साडेतीन किलोमीटरवरचा प्लॉट दोन्हींच्या आत आहे. त्या क्षेत्रातल्या सर्वांत उंच वस्तूच्या वर मोठ्या विमानाला किमान १२० मीटर मोकळी जागा ठेवायची असते. आणि त्या क्षणी पायलट काय बघत असतो? मान वळवून पट्टी बघत असतो, ती ढगात हरवू नये म्हणून. तुमची गच्ची तो बघत नाही. त्याचे डोळे गृहीत धरूनच हा हिशेब केलेला आहे, आणि ते डोळे दुसरीकडं आहेत असं धरूनही.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण सरकारी पत्रात ती कुणी लिहीत नाही. तुमचे दोन मजले वाढले असते तर चिकलठाण्याचं सर्कलिंग बहुधा तसूभरही बदललं नसतं. दक्षिणेला डोंगर आहे, तो तुमच्या इमारतीपेक्षा कितीतरी उंच आहे, आणि त्या बाजूची किमान उंची तोच ठरवणार. हे आडवं छत म्हणजे ढोबळ जाळी आहे, ती गरजेपेक्षा जास्त मासे धरते. म्हणूनच अपिलाची सोय ठेवलेली आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो. पण ढोबळ आहे म्हणून निरर्थक आहे असं समजू नका. डोंगर पिढ्यान्‌पिढ्या तिथंच आहे, प्रत्येक नकाशावर आहे, मार्ग त्याला धरून आखलेत. इमारत दर वर्षी नवी उगवते.

सर्कलिंगहून जास्त काळजी मला मिस्ड ॲप्रोचची वाटते. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत आल्यावर पट्टी दिसली नाही तर पायलट जोर लावून वर जातो. मार्ग आखताना विमान शंभराला अडीच या चढानं वर जाईल असं धरतात, म्हणजे किलोमीटरमागं २५ मीटर. अडथळ्याच्या वर मोकळी जागा सुरुवातीला फक्त ३० मीटर, पुढं ५०. उड्डाणासाठी चढ धरतात ३.३ टक्के. आणि ही सगळी गणितं सगळी इंजिनं चालू आहेत असं धरून केलेली असतात! एक इंजिन बंद पडलं तर काय, याचा हिशेब मार्ग आखणारा करत नाही. तो विमान कंपनी स्वतः करते, त्याच अडथळ्यांच्या यादीवरून. त्या यादीत नसलेली वस्तू दोन्ही गणितांतून निसटते.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमानाला ५८२ मीटरवरची हवा इतकी विरळ होते की विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला ती सुमारे ५,६०० फुटांवरच्या हवेसारखी वाटते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. चिकलठाण्याच्या पट्टीवर उभं असलेलं विमान त्या दुपारी कामगिरीच्या दृष्टीनं कळसूबाईच्याही वर उभं असतं. धावायला पट्टी जास्त लागते, चढ मंद होतो. कंपन्या वजन कमी करून हे सांभाळतात, कधी माल मागं ठेवून, कधी प्रवासी. पट्टीच्या पुढं अडथळा जितका उंच, तितकं जास्त वजन मागं राहतं. विमान सुखरूप जातं, पण त्याची किंमत मराठवाड्यातला प्रवासी मोजतो.

"आमच्या रेषेत विमान येत नाही" याचं उत्तर आपल्या शहरात २६ एप्रिल १९९३ ला मिळालेलं आहे. जुन्या लोकांना आठवण करून द्यावी लागत नाही. इंडियन एअरलाइन्सच्या मुंबईला निघालेल्या बोइंग ७३७ नं पूर्वेकडं तोंड करून भर दुपारी धाव घेतली, पट्टीच्या अगदी शेवटाला चाकं सुटली, आणि पट्टीपलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेल्या ट्रकला डाव्या बाजूचं चाक आणि इंजिन धडकलं. रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत दोन कारणं नोंदली गेली: पायलटनी नाक उचलायला केलेला उशीर आणि उचलण्याची चुकीची पद्धत, हे एक, उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखणं, हे दुसरं. लोकांना ट्रक आठवतो. मला त्यापुढचा तपशील महत्त्वाचा वाटतो. धडकेनंतर ते विमान हवेत होतं, आणि सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकून पडलं. त्या तारा पट्टीच्या रेषेत पूर्वेला नव्हत्या, ईशान्येला होत्या. अडचणीतलं विमान रेषेत राहत नाही. वर्तुळ आखावं लागतं ते यासाठी.

रस्ता हाही अडथळाच धरायचा असतो. अमेरिकेच्या नियमात सार्वजनिक रस्त्यावर १५ फूट आणि लोहमार्गावर २३ फूट उंचीचं काहीतरी कायम उभं आहे असं समजूनच हिशेब करतात, ट्रक किंवा गाडी असो वा नसो. चिकलठाण्याच्या आसपास रस्ते आणि लोहमार्ग दोन्ही आहेत, त्यामुळं ही सवय आपल्याकडं घट्ट असायलाच हवी.

आता "पण मध्ये इतकी मोकळी जागा ठेवलेलीच असते ना, तिच्यातले आठ मीटर आम्ही घेतले तर?" हा सगळ्यात नेहमीचा युक्तिवाद. ग्लाइड स्लोप (उतरण्याचा उतार दाखवणारा जमिनीवरचा रेडिओ संकेत) नसलेल्या साध्या ॲप्रोचच्या शेवटच्या टप्प्यात विमान आणि अडथळा यांच्यात ७५ मीटर राखीव असतात. ऐकायला ऐसपैस वाटतं. ते कशात खर्च होतात ते बघा. विमानातला अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं उपकरण, खरं तर हवेचा दाब मोजतो. जमिनीवरचा त्या वेळचा दाब, ज्याला आम्ही क्यूएनएच म्हणतो, एटीसी सांगतं आणि पायलट तो लावतो. एका हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) फरकानं उंची साधारण २८ फुटांनी चुकते. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर कंट्रोलरनं १००१ ऐवजी १०११ सांगितलं. एकच आकडा इकडचा तिकडं. पायलटनी तोच ऐकला, तोच लावला, परत उच्चारलाही. ए-३२० विमान आखलेल्या मार्गापेक्षा २८० फूट खाली, म्हणजे ८५ मीटर खाली, पावसात उतरत आलं, आणि आतल्या पडद्यावर सगळं अगदी जागच्या जागी दिसत होतं. किमान उंचीला पट्टी दिसली नाही म्हणून त्यांनी गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं. रेडिओ अल्टिमीटरवर (हा जमिनीपासूनची उंची थेट मोजतो) नोंदलेली सर्वांत कमी उंची होती सहा फूट, आणि पट्टी अजून किलोमीटरहून जास्त लांब होती. खाली मोकळी जमीन होती म्हणून ती बातमी छोटी राहिली. ७५ मीटर आणि ८५ मीटर हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून बघा. राखीव जागा विमानाच्या चुकांसाठी आहे, आणि ती आधीच अपुरी पडू शकते. बिल्डरच्या चुकांसाठी तिच्यात शिल्लक काही नाही.

पॅरिसचं ते विमान उपग्रहावरच चाललं होतं, हेही लक्षात घ्या. जीपीएसवर आधारित ॲप्रोचच्या बऱ्याच प्रकारांत डावं-उजवं उपग्रह सांगतो, पण वर-खाली तोच हवेच्या दाबाचा अल्टिमीटर सांगतो. उंचीसुद्धा उपग्रहावरून घेण्याची सोय आपल्याकडं गगन या यंत्रणेमुळं आली, आणि २८ एप्रिल २०२२ ला इंडिगोच्या एटीआरनं राजस्थानात किशनगडला तसं उतरून दाखवलं. चांगली गोष्ट आहे, लहान विमानतळांना तिचा मोठा आधार आहे, कारण जमिनीवर आयएलएस ही विमानाला पट्टीपर्यंत आणणारी महागडी रेडिओ यंत्रणा बसवावी लागत नाही. पण जीपीएस विमानाला विमान कुठं आहे हे सांगतो. तुमचा टॉवर कुठं आहे हे त्याला माहीत नसतं. ते डेटाबेसमध्ये कुणीतरी भरावं लागतं, आणि भरणाऱ्याला आधी कळावं लागतं. कॉकपिटमध्ये "पुल अप" ओरडणारी यंत्रणासुद्धा बऱ्याच अंशी अशाच डेटाबेसवर चालते.

म्हणून परवानगी घेऊन बांधलेल्या उंच इमारतीची मला भीती नाही. न सांगता उभ्या राहिलेल्या बुटक्या वस्तूची आहे. नकाशे आणि डेटाबेस जगभर २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रात बदलतात. मधल्या काळात काही नवं उभं राहिलं तर नोटॅम, म्हणजे तातडीची सूचना, काढून पायलटना कळवतात. पण नोटॅम काढायला तरी कुणी फोन करायला हवा. मराठवाड्यात यादीबाहेर राहणाऱ्या वस्तू ठरावीक आहेत: बांधकामावरची टॉवर क्रेन, गच्चीवर रातोरात चढलेला मोबाईल टॉवर, साखर कारखान्याची वाढवलेली चिमणी, उच्च दाबाच्या वाहिनीचा नवा मनोरा. बीड-धाराशिवकडं माळांवर पवनचक्क्या आहेत. त्यांची पाती धरून उंची भल्याभल्या इमारतींना मागं टाकते, आणि त्या उभ्याच आहेत उंच जागी. त्यांचे मालक बहुधा कळवतात, दिवेही लावतात. वर्षभरानं दिवा गेला की मात्र तो बदलायला कुणी वर चढत नाही.

कळवलेल्या अडथळ्याचं काय होतं? फार तर किमान उंची वाढते. समजा एका ॲप्रोचला ४०० फुटांपर्यंत खाली येता येत होतं, टॉवरमुळं ते ५०० झालं. ढग ४५० फुटांवर असतील त्या सकाळी विमान पट्टी न दिसताच परत वर जाणार आणि मुंबईची किंवा हैदराबादची वाट धरणार. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू हैदराबादला उतरतो आणि सगळे विमान कंपनीला शिव्या घालतात. तो टॉवर कुणाला आठवत नाही.

लातूरसारख्या, रोजची प्रवासी विमानं नसलेल्या धावपट्ट्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथं थोडंच. तिथं बऱ्याचदा डोळ्यांनी बघूनच उतरायचं असतं, आणि त्यासाठी दृश्यमानता किमान ५ किलोमीटर हवी. प्रचाराच्या दिवसांत सभा गाठायची घाई असते, पहाटेचं धुकं असतं, आणि मग कुणीतरी आपल्याच उपकरणात पट्टीचा बिंदू टाकून घरगुती ॲप्रोच तयार करतो. वर सांगितलेला एकही मीटर त्याच्या गणितात नसतो. या उद्योगात याहून धोकादायक सवय मला माहीत नाही, आणि मागं बसलेला कितीही मोठा साहेब असला तरी "नाही" म्हणणारा पायलट हाच खरा पायलट.

ड्रोनचंही सांगून टाकतो, कारण लग्नाच्या हंगामात विचारणा होतेच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्याहून जवळ परवानगीशिवाय अजिबात उडवायचा नाही. मिरवणुकीतले लेझर वर आभाळात सोडू नका. उतरणाऱ्या पायलटचे डोळे काही सेकंद दिपले तरी ते सेकंद सगळ्यात महागाचे असतात. कचरा टाकण्यावर विमानतळाभोवती १० किलोमीटरची बंदी आहे, ती घारींमुळं.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं, ६०५ हा आकडा पुन्हा मोजून घ्या. स्थानिक सर्व्हेत बेंचमार्क (उंची माहीत असलेला संदर्भबिंदू) चुकीचा धरल्यानं मीटर-दीड मीटरची गफलत झालेली मी पाहिली आहे, दोन्ही बाजूंनी. अक्षांशात एका सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, तेही तपासा. फरक निघाला तर सुधारित अर्ज करा, स्वतःच्या तोट्याचा निघाला तरी. दुसरं, अपील. मंत्रालयाच्या अपिलीय समितीकडं जाता येतं आणि एरोनॉटिकल स्टडी, म्हणजे इमारतीचा विमानांवर प्रत्यक्ष काय परिणाम होतो याचा अभ्यास, मागता येतो. तुमच्या मागं डोंगर आहे, त्यामुळं त्याच्या आडोशाचा मुद्दा, म्हणजे त्याहून मोठा अडथळा तिथं आधीच आहे हा, मांडण्यासारखा आहे. वेळ लागतो, खर्च होतो, आणि निकाल तुमच्याच बाजूनं लागेल असं मी सांगणार नाही. निकाल येईपर्यंत सहाव्या मजल्याचं बुकिंग घेऊ नका.

तिसरं मला जास्त पटतं. वास्तुविशारदाला घेऊन २२ मीटरच नीट वापरा. मशीनरूम नसलेली लिफ्ट घ्या, गच्चीवरची टाकी काढून खाली टाकी आणि प्रेशर पंप बसवा, मजल्यामागची उंची थोडी घट्ट करा. जिन्याची खोली धरूनही सहावा मजला काठावर बसू शकेल. आणि टॉवर क्रेन लावणार असाल तर तिच्या टोकाची उंची काम सुरू होण्याआधी कळवून तिची वेगळी परवानगी घ्या. इमारत ६२७ च्या आत आणि तिच्यावरची क्रेन ६४५ ला, हा प्रकार बांधकाम चालू असेपर्यंत दीड-दोन वर्षं रोज उभा असतो.